छत्री मी फिरवली होती

त्या काळात पनवेलमध्ये डिश अँटेनाला सगळे छत्रीच म्हणायचे. केबलवाल्याची तार बाजारपेठेपर्यंत आली होती, आमच्या आळीत येईल येईल म्हणत दोन दिवाळ्या गेल्या होत्या. मी तळोज्याला रसायनांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होतो. माझ्याबरोबरच्या एका केमिस्टने घरी स्वतःची छत्री बसवली आणि रोज डबा खाताना तो परदेशातल्या मॅचेस आणि मालिकांबद्दल असं बोलायला लागला, की जणू आम्ही बाकीचे कंदिलाच्या उजेडात राहतो. एका रविवारी मी त्याच्याकडे जाऊन ती बघून आलो. पांढरीशुभ्र, फायबरची, अखंड. कोपऱ्यावर वळलं की रस्त्यावरून दिसायची. मला तिचं चित्र आवडलं असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे ती रस्त्यावरून दिसते, हे आवडलं होतं.

एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक लहानसं दुकान होतं. चालवणारा नेऱ्याकडच्या एका गावचा, माझ्याच वयाचा, म्हणजे चाळिशीला टेकलेला. आयटीआय करून त्याने हे दुकान टाकलं होतं आणि नुकतीच छत्र्या बसवायची कामं घ्यायला सुरुवात केली होती. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मी त्याला बोलावलं तेव्हा तो एक होकायंत्र घेऊन आला आणि अर्धा तास गच्चीवर नुसता फिरला. कठड्यावरून वाकून खाली बघितलं, पश्चिमेला खाडीच्या अंगाला बघितलं, बोट ओलं करून वारा बघितला.

"जाळीची घ्या, साहेब," तो म्हणाला. "तोंड हिचं तिकडं, डोंगराच्या उजव्या अंगाला. म्हंजे खाडीचा वारा बरोबर पाठीत बसनार. जाळीतनं वारा निगून जातो. अख्खी घ्याल तर ते शीड हाय."

"पण चित्र अख्खीचं चांगलं येतं म्हणतात."

"चित्रात काय फरक नाय. मी दोन्ही बसवल्यात."

मी म्हणालो, मला फायबरचीच हवी. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्याला कारण कळलं असणार. "मग बांधनी दुप्पट करू," एवढंच म्हणाला.

आणि त्याने खरोखर दुप्पट केली. गच्चीच्या मध्यावर सिमेंटचा चौथरा, त्यात लोखंडी खांब. चौथरा आठवडाभर पाणी घालून मुरवला. तोवर छत्री खाली अंगणात भिंतीला टेकून उभी, आणि येणारा-जाणारा विचारणार, ही कधी चढणार? शेवटी आळीतल्या सहा जणांनी दोर लावून ती वर चढवली. लोक घरात टीव्हीसमोर एकाला बसवून वरून खाली ओरडत असत. मिस्त्रीने तसं केलं नाही. स्वतःचा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्याने गच्चीवर आणला, त्यावर पोत्याची सावली केली आणि छत्री केसाकेसाने फिरवत राहिला. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम एक माणूस इंग्रजीत बातम्या देत असलेला. माझ्या दोन्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने छत्रीच्या कॉलरचे, म्हणजे खांबाला धरणाऱ्या कड्याचे, चार बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टवर एक नट आणि त्यावर आणखी एक. मी विचारलं, हा दुसरा कशाला?

"चेक नट. पयला नट धरतो. ह्यो पयल्याला सुटू देत नाय." मग त्याने लाल रंगात बोट बुडवून खांबावर आणि कॉलरवर मिळून एक रेघ मारली, म्हणजे छत्रीची जागा कायमची कळावी. जाताना म्हणाला, "काय हलवायचं झालं तर मला सांगा. तुमी हात लावू नका."

पुढचं वर्षभर आमचं घर म्हणजे आळीचं थिएटर होतं. शेजारच्या कौलारू घरात खाला राहायच्या; सगळी आळी त्यांना खालाच, म्हणजे मावशी, म्हणायची. कोकणी मुसलमान कुटुंब, मुलगा आखातात, घरात त्या, एक नात आणि येऊन-जाऊन असलेला जावई, त्याचं बाजारात कापडाचं दुकान. खाला साठीच्या होत्या. तांदळाच्या भाकऱ्या थापण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. कागदासारखी पातळ भाकरी तव्यावर टाकली की टम्म फुगायची. त्यांना माझ्या छत्रीतलं काहीही आवडायचं नाही, पण मॅच असली की नातीला घेऊन येऊन बसायच्या आणि कोण जिंकतंय ते शेवटपर्यंत विचारत राहायच्या.

मे महिन्यात बायको मुलींना घेऊन साताऱ्याला माहेरी गेली. त्याच सुमारास कारखान्यातल्या त्या केमिस्टने मला बाजूला घेऊन सांगितलं, की छत्री जराशी दक्षिणेकडे फिरवली तर एक रशियन चॅनल मिळतं. त्यावर काय काय दाखवतात ते त्याने डोळे मिचकावून सांगितलं. मी हसलो आणि असल्या गोष्टींत मला रस नाही असं म्हणालो. दोन दिवसांनी सुट्टी होती. त्या दिवशी दुपारी दीड वाजता, आळी झोपलेली असताना, मी नट खोलायचे दोन पाने घेऊन गच्चीवर गेलो.

आता लिहितानाही कान गरम होतात. चाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, भर उन्हात डोक्याला पंचा बांधून छत्रीच्या कॉलरशी झटतोय. चेक नट निघता निघेनात. मिस्त्रीने जीव लावून आवळले होते. चारही काढून मी पाण्याच्या टाकीच्या कडेवर ओळीने ठेवले. खालचे नट सैल केले. मग छत्री बोटभर सरकवायची, जिना उतरून खाली टीव्ही बघायचा, पुन्हा वर. अशा कितीतरी फेऱ्या. पाय भाजले, बनियन घामाने चिकटलं. दोन तासांनी मुंग्यांमधून एक चित्र उभं राहिलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक जाडजूड बाई कोबी चिरत होती आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी समजावून सांगत होती. मी पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत बसलो. ती कोबीच चिरत राहिली.

मी वर जाऊन छत्री लाल रेघेवर परत आणली. खालचे चारही नट हाताने फिरवून बसवले. आता पाना लावणार, तेवढ्यात खालून खालांचा आवाज आला. त्या परसात कैऱ्यांच्या फोडी वाळत घालत होत्या.

"भाऊ, एवढ्या उन्हात वर काय करताय?"

चोरी पकडल्यासारखा मी दचकलो. "काही नाही, टाकी बघतोय," म्हणालो, पाने उचलले आणि खाली आलो. संध्याकाळी आवळू म्हटलं. संध्याकाळी कारखान्यातून बोलावणं आलं, एक जण आजारी पडला होता, त्याची पाळी करावी लागली. दुसऱ्या दिवशी टीव्ही लावून पाहिला तर सगळी चॅनल्स स्वच्छ येत होती. मग राहिलंच. चार दिवस राहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वावटळ सुटली. मेअखेरीला आमच्याकडे सुटते तशीच, धूळ आणि पाचोळा घेऊन. मी खिडक्या लावत होतो. वर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, मग एक धप्प, मग कौलं फुटल्याचा, आणि त्यामागून खालांची किंकाळी.

त्या वाळवण गोळा करायला परसात धावल्या होत्या. छत्री खांबावरून सुटली, कठड्यावर आपटली आणि त्यांच्या पडवीची कौलं फोडत खाली गेली. डोक्यावर आली असती तर पुढचं काहीच उरलं नसतं. कड उजव्या मनगटावर बसली होती. मी कुंपणावरून उडी मारून पोचलो तेव्हा त्या जमिनीवर बसून तो हात दुसऱ्या हातात धरून होत्या आणि हात जिथे वळायला नको तिथे वळला होता. कैऱ्यांच्या फोडी सगळीकडे पसरल्या होत्या.

माणसं जमली. जावई दुकानातून आला. कोणीतरी सायकलवर टांग मारून मिस्त्रीला घेऊन आला. तो आधी खालांपाशी गेला, मग धावत माझ्या गच्चीवर. मी त्याच्या मागे, जावई आमच्या मागे. मिस्त्री खांबापाशी गुडघ्यावर बसला. एक नट चौथऱ्यावर पडलेला होता, तो त्याने उचलला. बाकीचे शोधले.

"चेक नट नाय," तो म्हणाला. "एक बी नाय."

"लावायला विसरलास?" जावई ओरडला. "माणसं मारायला निघालास?"

मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत आरोप नव्हता, तो खरंच विचारत होता. "साहेब, वर कोन आलेलं का? कुनी हात लावलेला?"

टाकी माझ्या पाठीमागे होती. चारही चेक नट तिच्या कडेवर, मी ठेवले तसेच ओळीने होते. मी एक पाऊल मागे सरलो आणि त्या दोघांच्या आणि टाकीच्या मध्ये उभा राहिलो.

"नाही," मी म्हणालो. "वर कोण येणार?"

त्याने बोटांनी बोल्टचे आटे चाचपले. "मग माज्याच हातनं ऱ्हायलं असंल," तो म्हणाला. "पन मला आठवतंय ना, साहेब. मी आवळलेले मला आठवतंय."

ते दोघे खाली गेल्यावर मी नट खिशात घातले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तळ्याच्या कठड्याशी स्कूटर थांबवली आणि एकेक करून पाण्यात टाकले.

खालांना प्लास्टर घालायला मिस्त्री रिक्षातून घेऊन गेला. मीही बरोबर होतो, शेजारधर्म म्हणून. हाड बसवताना खाला कळवळून त्याला शिव्या देत होत्या. त्यांच्या तोंडून मी कधी वाकडा शब्द ऐकला नव्हता. तो मान खाली घालून त्यांचा दुसरा हात धरून उभा होता. पुढचे दीड-दोन महिने डॉक्टरांकडे न्यायला-आणायला दर गुरुवारी दुकान बंद करून तोच यायचा. पडवीची कौलं त्याने स्वतः चढून बसवली. माझी स्कूटर दारात नुसती उभी असायची. मी खिडकीतून त्यांना रिक्षात बसताना बघायचो आणि बायकोला म्हणायचो, माणूस चांगला आहे, चूक झाली बिचाऱ्याकडून.

हे मी बोललो आहे, आणि ते इथे लिहायलाच हवं. कारखान्यात तर मी छत्री उडाल्याची गोष्ट रंगवून सांगायचो. लोक हसायचे.

खालांचं मनगट जरा वाकडंच जुळलं. भाकरी थापायला हात सपाट पडावा लागतो, तो पडेना. भाकऱ्या नात करायला लागली. मिस्त्रीकडे आमच्या भागातली छत्र्यांची ठरलेली कामं होती, ती लोकांनी दुसऱ्यांना दिली. पण त्याने ते काम सोडलं ते त्यामुळे नाही, हे मला पुढे कळलं. वर्षभराने दुकानही बंद झालं. तो जासईला एका कंटेनर यार्डात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला असं ऐकलं. त्या सुमाराला आमच्या आळीत केबल आली. मी नवी छत्री बसवली नाही. खांब गच्चीवर होता, बायको त्याला कपड्यांची दोरी बांधायची.

पाच वर्षं गेली. खालांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला खाला स्वतः आल्या, बसल्या, चहा घेतला. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या मिस्त्रीलाही बोलावलं. जावयाला जासईला पाठवलं होतं पत्रिका घेऊन. नाही येणार म्हणे. माझ्या हाताकडे बघायला त्याला शरम वाटते, असं बोलला. केवढी शरम! मी कधीच सोडून दिलं, पण तो सोडत नाही."

माझी लाज दुसराच माणूस पाच वर्षं वागवत होता आणि मी त्या पाच वर्षांत व्यवस्थित झोपत होतो.

त्याच रविवारी मी जासईला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरचे ढीग, ट्रेलरची रांग. फाटकावर निरोप दिला. तो बाहेर आला, केस पांढरे झालेले. मला बघून त्याने हात जोडले. आधी जोडले, हे मला सहन झालं नाही.

"साहेब, खाला बऱ्या हायेत ना?"

मी तिथेच, फाटकाशी उभ्या उभ्या सांगितलं. ठरवून गेलो होतो तसं काहीच बोलता आलं नाही. एवढंच म्हणालो, "मिस्त्री, चेक नट तुम्ही लावले होते. मी काढले. छत्री मी फिरवली होती."

तो रागावेल, मारेल, असं काहीतरी वाटत होतं. त्याने विचारलं, "चारी काढले?"

"चारही."

"आनि खालचे नट?"

"हातानेच बसवले होते. पाना लावला नाही."

"पाना नाय लावला," तो स्वतःशी म्हणाला. त्याने डोळे मिटले. तो आकडेमोड करत असल्यासारखा दिसत होता. "पाच वर्षं मी ते काम मनात करतोय, साहेब. पयल्यापासून. खांब, कॉलर, बोल्ट, नट, चेक नट. दर येळेला मी लावलेलेच असतात. आनि मग वाटतं, डोक्यात काय बिगडलंय आपल्या. म्हनून सोडलं ते काम. ज्याचा हात त्याला सांगत नाय त्यानं लोकांच्या डोक्यावर काय बांदू नये."

"माझं चुकलं," मी म्हणालो. ते शब्द फार लहान होते.

"फिरवली कशाला?"

मी म्हणालो, दुसरी चॅनल्स बघायला.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "रशियावालं?"

मी मान हलवली. एक ट्रेलर धूळ उडवत गेला.

"मला धा जनांनी सांगितलेलं, फिरवून दे म्हनून," तो म्हणाला. "मी दिली पन. मला सांगायचं होतं, साहेब. मी काय तुमच्या घरी बोलनार होतो? दोन मिन्टांचं काम होतं."

मग त्याने फाटकाच्या दांड्यावर हात ठेवला. "हे मला सांगून काय नाय. खालांना सांगा. त्यांच्या घरात ह्या कामाला माजं नाव लागलंय, ते तुमी काढा." एवढं बोलून तो आत गेला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नव्हती.

आधी बायकोला सांगितलं, सगळं, कोबी चिरणाऱ्या बाईसकट. मला वाटलं होतं तिला त्या चॅनलचा राग येईल. ती म्हणाली, "एवढ्याशासाठी?" मग उठून आत गेली. त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

खालांकडे मी लग्नाच्या आधी गेलो, कारण लग्नानंतर जाणं म्हणजे पुन्हा पळवाट झाली असती. त्या तांदूळ निवडत होत्या, डाव्या हाताने. मी जमिनीवरच बसलो आणि सांगितलं. कारण विचारतील म्हणून तेही सांगायची तयारी होती. त्यांनी विचारलं नाही. तांदळात फिरणारं बोट थांबलं होतं.

"हाताचं जाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "छत्री पडली, अल्लाने वाचवलं, हात मोडला. वाऱ्याने मोडला असं समजेन. पण दवाखान्यात मी त्या माणसाला शिव्या दिल्या. त्याच्या आईवरून दिल्या. तू बाजूला उभा होतास."

इतकी वर्षं त्या मला अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"हो," मी म्हणालो.

"माझ्या तोंडून ते वदवलंस. ते मी आता कुठे ठेवू?"

नात दाराशी आली होती, तिला त्यांनी हातानेच आत जायला सांगितलं. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला जावयाबरोबर रिक्षाने जासईला गेल्या. मला विचारलं नाही, बरोबर चल म्हणाल्या नाहीत. तिथे काय बोलणं झालं ते मला आजवर माहीत नाही. लग्नाला मिस्त्री आला. मांडवातल्या दिव्यांची एक माळ सारखी विझत होती, ती त्याने शिडीवर चढून नीट केली आणि जेवायला बसला. जावई त्याला आग्रहाने वाढत होता. आम्हीही होतो, आमंत्रण कोणी परत घेतलं नव्हतं. खालांनी माझ्या बायकोला जवळ बसवून घेतलं. मी नवऱ्यामुलाच्या कुठल्यातरी मामाशी तळोज्याच्या प्रदूषणाबद्दल बोलत होतो आणि पंगतीच्या त्या टोकाकडे बघायचं टाळत होतो.

निघताना मिस्त्री समोरून आला. मी थांबलो. त्याने मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि चपला शोधायला वाकला.